बुधीचा बुधवार

७ जाने., बुध.
तळोदा स्टँडवर जीप भरेपर्यंत पाऊण तास. मधल्या सीटवर चौथी म्हणून बसले, उतरताना पाय माझा आहे की शेजारणीचा, कळेना. वर डोंगरातल्या शाळेत पोचले तर परिपाठ संपलेला. वळवी सरांनी (मु.अ.) नुसतं घड्याळाकडे बघितलं. ते बोलले असते तर बरं होतं.

डी.एड. होऊन पंधरा वर्षं झाली. त्यात वर्गात खडू धरला तो एवढाच, ऑक्टोबरपासून. सहा महिन्यांच्या सरकारी योजनेच्या भाषेत मी 'प्रशिक्षणार्थी'. मुलांसाठी मॅडम. सासूबाईंसाठी सकाळी सातला घराबाहेर पळणारी. ३१ मार्चला सहा महिने संपतात. मोजायचं नाही असं ठरवलेलं, तरी मोजतेच.

१५ जाने.
तिळगूळ देताना सासूबाई गोड बोलतील असं वाटलेलं. "सहा महिनानी नोकरी नि बारा महिनाना तोरा!" योगेश (नवरा, कृषी केंद्रात कामाला) हसला. मीही हसले. मग सगळी भांडी आपटून घासली.

२९ जाने.
ग्रुपवर बातमी. योजनेची पुढची फेरी येणार, जुन्यांना पहिली पसंती. अर्ज १५ जूननंतर. त्या दिवशी वयाला ३५ पूर्ण झालेले नकोत.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्म १ जूनचा. त्याच दिवशी ३५ पूर्ण.

पंधरा दिवस! पंधरा वर्षं घरी बसले त्याचं कुणाला काही नाही, आणि हे पंधरा दिवस आडवे. दुसरीचा वर्ग घेताना फळ्यावर तारीखसुद्धा चुकीची लिहिली. पोरांनीच सांगितलं.

१ फेब्रु., रवि.
कोरीटला आईकडे. तिला सरळ विचारलं, माझा जन्म कधीचा?
"धनतेरसना. सारं गाव दिवा लाई ऱ्हायनं व्हतं नि मन्हा पोटमा कळा."
मग दाखल्यावर पाच महिने आधीचा जून कसा?
आईनं शेंगा सोलणं थांबवलं नाही. पाच पूर्ण नव्हते, शाळेत घेईनात. तेव्हा डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला आला की पोर शाळेचं झालं. माझा हात पोचला नाही. गुरुजींनी तरी नाव घातलं, आणि तारीख १ जून.
"मंग गुरुजीले काय फासावर देवू? त्यासनी लिखं म्हनीसन तू शिकनी."
आईशी भांडून निघाले. शेंगांची पिशवी तिथेच राहिली.

१० फेब्रु.
शाळेच्या दाखल्यावरची तारीख बदलायची तर जन्मनोंद आणा म्हणतात. नोंद कोरीटला नाही. बाळंतपण आजोळी, म्हणजे हद्दीपलीकडे गुजरातेत. मामांना फोन केला. "देखू, होळी व्हवू दे." त्यांचं सगळं होळीनंतर असतं.

झोपेत, जागेपणी, जीपमध्ये, सारखे त्या गुरुजींशी भांडते आहे. ते वारले, त्याला बारा वर्षं झाली.

२४ फेब्रु.
सरांनी दाखलपात्र मुलांच्या यादीचं काम माझ्याकडे दिलं. इथे हे काम होळीतच करायचं. वर्षभर गुजरातेत मजुरीवर असलेली माणसं होळीला पाड्यावर येतात म्हणजे येतातच. त्या आठवड्यात पोराचं नाव घेतलं नाही, तर थेट पुढची होळी.

"जन्मतारखेचं काय करायचं, सर?" बरीच बाळंतपणं घरची, दाखला नाही.
"एक जून टाका. मीसुद्धा एक जूनचाच. आमच्या केंद्रातल्या शाळांच्या निम्म्या स्टाफला तुम्ही एकाच केकमध्ये उरकू शकता."
मला हसू आलं नाही. म्हटलं, मी खऱ्या तारखा काढते.
सर म्हणाले, "काढा."

९ मार्च
तीन दिवस पाडे फिरले. मोहाच्या झाडांखाली झाडून ठेवलंय, फुलं पडायला लागली आहेत. अंगाला तोच वास.

एक युक्ती सापडली. इथे बऱ्याच जणांत वारावरून नाव ठेवतात. सोमवारचा सोम्या, मंगळवारची मंगली. म्हणजे वार आयता मिळाला! आईला विचारायचं, मोह पडत होता की ज्वारी कापत होते, होळी झाली होती की व्हायची होती. मग मोबाईलवर जुनं कॅलेंडर. तारीख हातात! वळवी सर दुभाषे म्हणून सोबत होते, त्यांनाही गंमत वाटली.

बुधी. तिची आई सांगते, मोह पडत होता, होळीनंतरचा पहिला बुधवार. कॅलेंडर काढलं. ३१ मार्च. पाच वर्षांपूर्वीची.
बुधीच्या आईला तारीख सांगितली. ती हसली आणि बुधीच्या डोक्यावर हात ठेवला. मला उगाचच भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की डी.एड. केलं ते बरं केलं.

१० मार्च
घरी सगळं सांगितलं. योगेश म्हणाला, "पोऱ्यासन्या तारखा काढी ऱ्हायनी तू, तुन्ही कोन काढी?" चिडवायला म्हणाला. लागलं.

१८ मार्च
यादी वरून परत आली. एका नावावर लाल रेघ. बुधी.
पहिलीसाठी येत्या ३१ डिसेंबरला सहा पूर्ण हवेत. तिला सहा होणार पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चला. तीन महिने कमी.
सरांनी कागद माझ्यापुढे ठेवला. "तुम्ही बरोबर आहात, मॅडम. मी असतो तर चूक लिहिलं असतं आणि पोरगी आत आली असती."
रागावले असते तर उत्तर देता आलं असतं. त्यांनी चहा मागवला.

२० मार्च
राहवेना. मधल्या सुट्टीत पाड्यावर गेले. बुधीची आई दारात कपडे बांधत होती. तिला माझी मराठी थोडी कळते, मला तिची बोली त्याहून थोडी. उरलेलं सरांनी नंतर सांगितलं. जमीन नाही, होळी सोडली तर वर्षभर गुजरातेतच. शाळेत नाव लागलं तर बुधीला मावशी ठेवून घेणार, तिची पोरं याच शाळेत आहेत. नाव नाही, तर कामावर सोबत. थोरलीचं असंच झालं. थोरली आता डोक्यावर विटा वाहते. गुरुवारी, दोन एप्रिलला ट्रक येणार.

मी केलेला शहाणपणा. मी, मीच! गुरुजींवरचा राग काढायला दुसऱ्याची पोर सापडली.

२५ मार्च
मामांचा फोन. जन्मनोंदींचं जुनं दप्तर तालुक्याला नेलंय. "पुढला हप्ताले जास." हो म्हटलं. माझ्याच कामाचा फोन, आणि लक्ष कुठे होतं कोण जाणे. स्वयंपाकात दोनदा मीठ पडलं. सासूबाईंनी मुकाट खाल्लं, म्हणजे माझं तोंड कसं दिसत असेल.

३० मार्च
सरांना विचारलं, बुधीची तारीख आता बदलता येईल का?
"उद्यापर्यंत दुरुस्ती चालते. दाखला नाही, पालक सांगतील ती तारीख. तुम्हीच लिहिलीत, तुम्हीच बदला. सही मी करतो."
म्हणजे तिच्या खऱ्या जन्माच्या आदल्या वर्षीची तारीख धरून, १ जून. खोटी. आणि ही खोटी तारीख तिला जन्मभर चिकटणार. उद्या कुठल्याशा भरतीत, कुठल्याशा योजनेत, पंधरा दिवसांनी हुकेल. तेव्हा ती म्हणेल, कोण होती ती बाई?
आईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलले. शेंगा अजून ठेवल्यात म्हणाली.

३१ मार्च, मंगळ.
शेवटचा दिवस. मुलांनी पळसाची फुलं आणली, सरांनी पेन दिलं. प्रमाणपत्र नंतर येईल म्हणे.

आज बुधीला पाच वर्षं पूर्ण झाली. तिच्या आईला तारीख सांगितली होती, पण तिच्या लेखी एवढंच, मोह पडतोय. तारीख लक्षात ठेवणारी मीच एकटी.

सरांच्या निरोपावरून साडेअकराला मायलेकी आल्या. बुधीला म्हटलं, डोक्यावरून हात ने, कान धर. का म्हटलं, माहीत नाही. आता असलं कोणी करत नाही. तिनं हात नेला. दोन बोटं कमी पडली. माझ्याकडे बघितलं, मान वाकडी केली, कान हाताकडे आणला आणि धरला. सोडेचना.

सरांनी दुरुस्तीचा कागद उघडून ठेवला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. जन्मतारखेचा रकाना कोरा. नव्या पेनचं टोपण काढलं. आईचा मिस्ड कॉल, मामांचेही दोन. तालुक्याला काही सापडलं असेल, नसेल. उचलले नाहीत.

बुधीनं कान धरलेलाच आहे. सर खिडकीतून म्हणाले, "मॅडम, बाराची जीप."