दारातली म्हातारी

जाफराबाद

आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. नोकरीचं गाव मानवलंय, काळजी करू नको. हे फोनवर बोलवलं न्हाई, म्हणून लिहून राह्यले.

तू शिकवल्तं तसं दारी आलेल्याला वाढूनच मी जेवते. रोज दुपारी एक म्हातारी येते. काल घरमालकीण शेवंताबाईंनी विचारलं, "एकटीच कोणाशी बोलून राह्यली गं?" म्हातारी समोरच जेवत बसल्ती. त्यांना दिसली न्हाई. ताट मात्र रिकामं झालं.

रात्री दिवा लावूनच झोपले. तरी आज पुन्हा वाढलं. देव कोणत्याही रूपात येतो, तूच म्हणतेस ना? उठताना ती म्हणाली, "आता तुझ्या आईकडं जाते."

तुझी तब्येत बरी हाय ना? ती आली तर भिऊ नको. आधी जेवू घाल.

तुझीच,
दैवशाला