काळ्या ओठांच्या नातीला दफनभूमीत सोडणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
एल साउसे सार्वजनिक दफनभूमी, पाल्मिरा.

विषय : आजीची हाडे उचलण्याच्या विधीस नात मार्युरी हिला, आहे त्या अवतारात, आत सोडणेबाबत.

संदर्भ : फाटकावरील आपली नवी पाटी – 'काळे कपडे, जड बूट व रंगवलेले ओठ असणाऱ्यांस मज्जाव'.

महोदय,

अर्जदार नोएमी कायसेदो ही बाजारामागे वेण्या घालून पोट भरते. शाळा तिने लवकर सोडली. शाळेने तिला त्याच्याही आधी सोडले होते. चूकभूल पोटात घालावी.

१. अर्जदाराची आई, दोन्या एउस्ताकिया, आपल्याकडे पुरलेली आहे. जागेच्या भाड्याची मुदत संपल्यामुळे येत्या शनिवारी थडगे उघडून हाडे पेटीत भरायची व भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची आहेत. पेटी नातीनेच उचलावी, असे म्हातारीने मरण्याआधी सर्वांदेखत कबूल करून घेतले आहे.

२. मार्युरी ही कर्कश गिटारींच्या गाण्यांवर जीव टाकणारी, काळ्या ओठांची मुलगी आहे. सैतानाशी तिची ओळख नाही; ती बेकरीत पाव भाजते. गेल्या रविवारी आजीला फुले घेऊन गेली असता पहारेकरी डॉन एलीएसेर यांनी तिला अडवले. म्हणाले, "अगं पोरी, आधीच काळी, त्यात काळं घालून आलीस. तू आहेस कुठे हे आम्ही ओळखायचं कसं?" सदर डॉन एलीएसेर अर्जदारापेक्षाही काळे आहेत, याची नोंद व्हावी.

३. तेवढ्यात एक प्रेतयात्रा आली. पाटी म्हणजे पाटी, असे म्हणून त्यांनी दुखवट्याचे काळे घातलेली मयताची बायको अडवली, मग तिच्या बहिणी, मग झगा पाहून पाद्रीबाबा. शवपेटीला खांदा द्यायला नियमात बसणारा असा लाल टोपीचा आइस्क्रीमवाला तेवढा उरला. तोही घंटी वाजवत निघून गेला.

४. अर्जदार तरुण असताना गावातल्या नाचघराच्या दारातून तिला "आज खासगी कार्यक्रम आहे, ताई" म्हणून परतवत. तिथे कायमच खासगी कार्यक्रम असे. म्हणून तिने लेकीला सुनावले, "दोन्ही एक समजू नकोस. तुझा काळा रंग फडक्याने जातो, माझा जात नव्हता. पूस आणि चल." त्यावर कार्टी म्हणते, "आई, तू केस सरळ करून गेली होतीस ना? मग सोडलं का तुला आत?" अर्जदाराला तापल्या कंगव्याने केस जळल्याचा वास तेवढा आठवला. दोन्ही दुखणी एक नव्हेत, हे तिचे म्हणणे कायम आहे. पण दारात उभा राहणारा माणूस तोच असतो, आणि त्याला कुठलेही कारण पुरते.

५. पाटी न हटल्यास अर्जदाराच्या सगळ्या मावश्या शनिवारी काळे ओठ करून येणार आहेत. पैकी थोरलीने तो रंग लावून आरशात पाहिल्यापासून पुसायचे नाव काढलेले नाही.

६. शेवटी नाइलाजाने कळवावे लागते की, पुरताना शवपेटी बंद होण्याआधी, म्हातारीच्याच इच्छेने, मार्युरीने आपल्या रंगाने आजीचे ओठ रंगवले होते. म्हणजे आपल्या नियमात न बसणारी एक बाई आज वर्षानुवर्षे आत निजली आहे व शेजाऱ्यांची काहीएक तक्रार नाही. शनिवारी आपण तिला बाहेर काढणारच आहात. तिला पुन्हा आत न्यायला तिच्यासारखीच कुणीतरी हवी.

शनिवारी सकाळी फाटकाशी लेकीसोबत उभी राहणारी,
आपली नम्र,
नोएमी कायसेदो रियास्कोस
पाल्मिरा, बुधवार

सोबत : ओठांचा काळा रंग, वापरलेला (थोरल्या मावशीने परत दिल्यास).