उजवीकडची मोकळी जागा

१६ मार्च, रविवार

अप्रतिम! निःशब्द! काय टिपलंय! — झालं. याला म्हणे अभिप्राय. सातारा आणि सांगली मिळून आमचा हा कृष्णधवल फोटोंचा ग्रुप, आणि दर रविवारी तीच अंगठ्यांची रांग. प्रमोदिनीताईंनी ग्रुप काढला तेव्हाच नियम घातला होता — प्रत्येक फोटोखाली तीन गोष्टी लिहायच्या. एक आवडलेली, एक खटकलेली, आणि फोटो काढणाऱ्याला एक प्रश्न. पाळतो कोण? मी! आणि मग मीच खडूस.

आज एकानं वाईचा घाट टाकला. मी लिहिलं, पाण्यावरचा उजेड छान पकडलाय, पण आभाळ इतकं पांढरं झालंय की तिथं नुसता कागद उरलाय, जरा लवकर जायला हवं होतं. तर साहेब रुसले. "हरीभाऊ, तुम्ही लग्नाचे अल्बम करता, तुम्हाला यातलं नाही कळायचं." नाही कळायचं! नवरदेवाच्या काळ्या कोटावर काळी बटणं दिसावीत म्हणून डोळे फोडून घेणारा मी, मला काळं-पांढरं कळत नाही!

२३ मार्च, रविवार

डोकं फिरलंय. सरळ लिहायलाही हात वळत नाहीये.

जिनदत्तांनी फोटो टाकला. सांगलीत भांड्यांचं दुकान आहे त्यांचं, ग्रुपात सगळ्यांत कमी बोलणारा माणूस. फोटोत कोण? माझी शालूमावशी!

याच महिन्यात मी हौसेनं सगळ्यांना दहिवडीकडे नेलं होतं, माळावरचा उजेड दाखवायला. जेवण मावशीकडं. तिनं एवढ्या माणसांना भाकरी थापून घातल्या, हुलग्याचं माडगं केलं. मी तर दोनदा मागून घेतलं. आणि आम्ही आत जेवत होतो तेव्हा हा माणूस बाहेर तिचा फोटो काढत होता!

पायरीवर बसलीय. हात गुडघ्यावर. मान उजवीकडं. आणि उजवीकडं काय, तर मेंढरांचा वाडा — काट्यांचं कुंपण आणि आत काही नाही. दुपारची वेळ, मेंढरं चरायला गेलेली असणार. अर्धा फोटो त्या मोकळ्या जागेनं खाल्लाय.

आणि खाली अभिप्राय! "दुष्काळाचा चेहरा." "माणदेशाचं दुःख." "मुंबईच्या लेकाची वाट बघणारी आई." एकानं तर लिहिलं — बिचारी.

बिचारी? शालूबाई बिचारी? सरपंचाला पारावरून उठवणारी बाई ती! पक्कं घर, गुलाबी भिंत, त्या दिवशी अंगावर कोरं पोपटी लुगडं! रंग काढून घेतले की झाली का गरीब? यांना खेड्यातलं माणूस दिसलं की आधी सगळा रंग पुसतात आणि मग हळहळतात!

२४ मार्च

अभिप्राय टाकला. नियमाप्रमाणे. आवडलेलं — हाताच्या शिरांवरचा तिरपा उजेड. (खोटं कशाला बोलू, तो सुरेख आहे.) खटकलेलं — उजवीकडची मोकळी जागा. तिथं काहीही घडत नाही. ती कापून टाका, माणूस जवळ येईल. आणि हा चेहरा दुःखी नाही, दमलेला आहे. दहा-बाराजणांच्या भाकऱ्या थापून कोणीही असंच बसेल. प्रश्न — काही नाही.

जिनदत्तांचं उत्तर संध्याकाळी आलं. एक ओळ. "हरीभाऊ, उजवीकडची जागा असू दे की."

बस्स. ना कारण, ना काही. एवढा मी दुपारभर बसून लिहितोय, आणि हे म्हणे असू दे की! गप्प माणसांचा माज कळत नाही चटकन.

२७ मार्च

सगळ्यांना वाटतंय मी जळतो. वाटू दे.

३० मार्च, पाडवा

सण आहे म्हणून गप्प बसणार होतो. पण ग्रुपाचं साताऱ्यात प्रदर्शन भरतंय, त्यातल्या फोटोंची यादी आली. पहिलाच फोटो कोणता असेल? दाराच्या समोर, मोठ्या चौकटीत — माझी मावशी! येणारा-जाणारा आता तिच्याकडं बघून च्च् च्च् करणार.

प्रमोदिनीताईंना तिथल्या तिथं फोन लावला. म्हटलं, काढा तो. त्या म्हणाल्या, "तिची हरकत असेल तर लगेच काढू. तू विचारलंस का तिला?"

विचारायचं काय त्यात! मी ओळखत नाही का माझ्या मावशीला? पाळण्यात असल्यापासून तिच्या अंगाखांद्यावर वाढलोय.

"आणि तुझ्या अभिप्रायात प्रश्न नव्हता, हरी," ताई म्हणाल्या. बाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण लाल पेन काही सुटलं नाही.

मयूरीला सांगितलं तर बायको माझीच, पण बाजू त्यांची. "मावशींना शेवटचा फोन कधी केला होतास?" श्रीखंड वाढता वाढता विचारते. आता याचा फोटोशी काय संबंध?

६ एप्रिल

ठरलं. मावशीलाच आणतो प्रदर्शनाला. मी कशाला बोलू? तीच बोलेल सगळ्यांसमोर. तिची जीभ माहीत नाहीये यांना अजून!

१३ एप्रिल, रविवार

सकाळी गाडी घेऊन गेलो, मावशीला आणलं. तेच पोपटी लुगडं नेसून आली. मी मनात म्हटलं, बघा आता लेको, रंग बघा.

हॉल भरलेला. जिनदत्त दाराशीच उभे. मावशीला बघितल्यावर चक्क वाकून नमस्कार केला. ती म्हणते, "बरं हाय न्हवं, दादा?" दादा! मी धुमसत बाजूला.

मग ती फोटोसमोर उभी राहिली. मी वाट बघतोय, आता सुरू होईल, मग होईल. काही नाही. आपल्या चेहऱ्याकडं तिनं धड बघितलंसुद्धा नाही. पुढं झाली आणि काचेवर बोट ठेवलं — उजवीकडं, त्या मोकळ्या जागेवर. हळूच फिरवलं बोट कुंपणाच्या कडेनं. प्रमोदिनीताईंनी विचारलं, "शालूबाई, नको असेल तर उतरवू आम्ही हा फोटो."

"कशाला? ऱ्हाऊ द्या की. बरा काढलाय."

बरा काढलाय! एवढ्या लांबून आणलं मी हिला, हिच्या मानासाठी साऱ्या ग्रुपशी वाकडं घेतलं, आणि ही म्हणते बरा काढलाय! बाहेर आल्यावर मी बोललोच. म्हटलं, मावशे, लोक तुला बिचारी म्हणतायत, कळतंय का तुला? तर म्हणते, "म्हणू दे रं. तू चहा पाज आधी."

इतका संताप आलाय. आता तिला सोडायला निघतोय. वाटेत एक शब्द बोलणार नाही.

१४ एप्रिल

बोलावं लागलं. पुसेगाव मागं पडलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती. शेवटी मीच विचारलं — मावशे, त्या वाड्याकडं एवढं काय बघत होतीस?

"तुमी आलतासा न्हवं, त्याच दिशी सकाळी टेंपो आलता. समदी मेंढरं दिली. पोरानं मुंबईस्नं सांगितलं, तुझ्यानं व्हत न्हाई आता, बास कर. तुज्या त्या दादानं इचारलं, बाई, तिकडं काय हाय? म्हणून त्याला सांगितलं. वर म्हणलं, हरीला बोलू नगा. लय दिसांनी आलाय, पोटभर जेवू द्या त्याला."

आणि मी आत दुसऱ्यांदा माडगं मागत होतो.