जावईबापूंची सोय

मी, खाली सही करणारी, चौकातल्या लाँड्रीची मालकीण, वय वर्षं एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीनं, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि एक कप चहापलीकडे कोणतीही नशा न करता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाबद्दल तसा दाखला द्यायला ते तयार झाले नाहीत, म्हणून ही घाई.

कलम एक. लाँड्री, धुलाईची यंत्रं, वाफेची इस्त्री आणि गिऱ्हाइकांची कुरकुर हे सगळं माझ्या इस्त्रीवालीला द्यावं. कॉलरची इस्त्री तिला माझ्यापेक्षा चांगली जमते. हे तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, डोक्यावर बसली असती. आता खुशाल बसू दे.

कलम दोन. कपडे पोचवायची गाडी माझ्या भाच्याला. "मावशी, ते गिधाड विकून टाक, लोक हौसेनं घेतात," असा सल्ला त्यानं मला दिला होता. गिधाड विकलं तर तुरुंग आहे. त्याला गाडीच बरी.

कलम तीन. आता त्या गिधाडाचं. मिळकतीवर टपलेली गिधाडं घरोघरी असतात. कायद्यानं संरक्षण दिलेलं माझ्याकडे एकच आहे. विजेच्या तारेवर आपटून ते आमच्या गच्चीवर, हॉटेलच्या वाळत घातलेल्या चादरींत पडलं. (एका चादरीला नखाचं भोक पडलं म्हणून हॉटेलच्या मॅनेजरनं माझं डोकं खाल्लं होतं. ती चादर धुऊन, कडक इस्त्री करून ठेवली आहे. त्यांना ती भोकासकट, सन्मानानं परत करावी.) पंख कायमचा गेला. कामाचं नाव नाही, खाणं मात्र वेळेवर लागतं, म्हणून मी त्याला जावईबापू म्हणते.

असा पक्षी घरात ठेवणं गुन्हा आहे, हे मला ठाऊक नव्हतं. ते कळलं एका निनावी तक्रारीमुळे. तक्रार निनावी होती खरी, पण तिची सुरुवात "आमच्या वहिनी" अशी होती. वन्यजीव खात्याचे साहेब आले आणि नियमाबरोबर त्याचा अपवादही सांगून गेले: पक्षी रानात सोडण्याजोगा नाही असं पशुवैद्यानं लिहून दिलं, तर परवाना घेऊन सांभाळता येतो. तेव्हा भावजींच्या तक्रारीनंच जावईबापू कायदेशीर झाले. त्याबद्दल भावजींचे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानते.

भावजी म्हणजे माझे दीर, वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त बसड्रायव्हर. आमचे हे गेल्यावर वर्षभरात एके सकाळी भावजींच्या अंगाला साबण लागलेला असताना नळ गेला. लाँड्री सगळं पाणी ओढते, असं म्हणून त्यांनी वर चूल वेगळी मांडली आणि बाहेरून लोखंडी जिनाही करून घेतला. त्यानंतर आमचं बोलणं फक्त भांडण्यापुरतं.

कलम चार. परवान्याचा पक्षी विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, उसनाही देता येत नाही. सांभाळणारा गेला की तो फक्त त्याच कुटुंबातल्या, एका चुलीवर जेवणाऱ्या माणसाकडे वारसानं जातो. तसं कुणी नसेल तर जप्ती. "जप्त करून ठेवता कुठे?" मी साहेबांना विचारलं. ते खाली बघत म्हणाले, "बाई, पक्ष्यांच्या केंद्रात जागा नाही. असे पक्षी डॉक्टर कायमचे झोपवतात." त्याच संध्याकाळी मी जिन्याखाली उभी राहिले.

"भावजी, उद्यापासून जेवायला खाली या."

"कशाला?"

"कायदा आहे."

ते आले. पहिला महिना "मीठ द्या" यापलीकडे गाडी गेली नाही. मग एक दिवस जावईबापूंनी घाबरून त्यांच्या अंगावर उलटी केली. शर्ट मी स्वतः धुतला. त्यानंतर ताटावर बसल्या बसल्या बसच्या गोष्टी सुरू झाल्या. त्यातल्या निम्म्या थापा आहेत, पण एकटीनं जेवण्यापेक्षा थापा बऱ्या.

नंतर साहेब तपासणीला आले. "शेजारी म्हणतात, तुमची चूल वेगळी होती. खरं का?" भावजी म्हणाले, "चूल वेगळी होती, साहेब. भांडण एकच होतं. परकी माणसं इतकी वर्षं नेमानं भांडतील का?" साहेब हसले आणि त्यांनी 'एकत्र कुटुंब' असा शेरा मारला.

कलम पाच. सबब जावईबापू आणि घराचा माझा खालचा भाग, अंगणासह, भावजींना मिळावा. माझ्यामागे महिन्याच्या आत परवान्यासाठी अर्ज केला नाही तर जप्ती येईल. भावजींचा महिना म्हणजे काय, हे मला माहीत आहे. तेव्हा इस्त्रीवालीनं त्यांना हाताला धरून पहिल्याच आठवड्यात कचेरीत न्यावं. मांस ओळखीच्या खाटकाकडूनच आणावं. दुखणं थांबवायला गुरांना टोचतात त्यातलं एक औषध गिधाडांना विष आहे, आणि त्यानंच यांची जात संपत आली आहे. पुढे जावईबापूंचं काही बरंवाईट झालं, तरी भावजींनी वर चूल मांडू नये. इस्त्रीवालीकडे जेवावं. तिला मी सांगून ठेवलं आहे.

कलम सहा. हे वाचून दाखवतील तेव्हा जावईबापूंच्या खाण्याची वेळ टळून गेलेली असेल. भावजींनी लगेच अंगणात जावं आणि आधी त्यांना खायला घालावं. रडायचं असेल तर मग तिथेच रडावं. जावईबापू कुणाला सांगणार नाहीत.

सही: लाँड्रीची मालकीण

साक्षीदार पहिल्या: पशुवैद्य बाई
साक्षीदार दुसरे: आमचे पोस्टमन
(ज्याला मिळायचं त्यानं साक्षीदार होऊ नये, म्हणून भावजींना बाहेर पाठवलं आहे.)

ठिकाण: राहतं घर, खालचं स्वयंपाकघर
दिनांक: नऊ मार्च दोन हजार तेवीस