आई, रूपाली जेवत नाही

प्रिय आई,

तू गेलीस त्याला दोन पावसाळे उलटले. एवढ्या दिवसांत तुला काही सांगायला अशी कधी बसले नव्हते. आज बसले, कारण जे विचारायचं आहे ते विचारायला दुसरं माणूस नाही. न जेवणाऱ्या लेकराजवळ बसणं म्हणजे काय, हे आपल्या घरात फक्त तुला ठाऊक होतं.

रूपाली जेवत नाही, आई. तुझी नात. तुझ्या चुलीपुढे बसून नागलीच्या भाकरीचा पापुद्रा आधी मागणारी. आत्ता आतल्या खोलीत झोपली आहे. मी स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे.

गेल्या महिन्यात तिची नाशिकला नोकरी पक्की झाली. तिने फोन केला, "आई, तू आणि बाबा या. पहिलं जेवण माझ्याकडून." तिचे बाबा डेपोतून सुट्टी काढून आले, मी जामसरच्या शाळेत रजा टाकली. जव्हारहून निघालो, मोखाड्याच्या घाटात गाडीत ह्यांचं एकच चाललं होतं, "आता पोरीची काळजी मिटली."

तिने आम्हाला नेलं ते एका हॉटपॉटच्या हॉटेलात. तुला कसं सांगू? पाच-सहाच टेबलं, अंधूक पिवळे दिवे, हलक्या आवाजात बोलणारी माणसं. टेबलाच्या मधोमध शेगडी बसवलेली. तिच्यावर पसरट भांडं, मधून पडदा घातलेलं. एका बाजूला पांढरं पाणी उकळतंय, दुसऱ्या बाजूला लाल तिखट. मग ताटल्या येत राहिल्या. कागदासारखे पातळ चिकनचे काप, अळंब्या, कोबी, कमळाचे देठ, शेवया. सगळं कच्चं.

"हे आपणच शिजवायचं?" ह्यांनी विचारलं.

"हो बाबा. जे हवं ते टाकायचं, शिजलं की काढून खायचं."

"मग हॉटेलवाले काय करतात?"

रूपाली हसली. मीही हसले. लेकीने आपल्याला अशा ठिकाणी बसवलं याचा मला फार अभिमान वाटत होता. अळंब्या बघून तू काय म्हणाली असतीस, तेही मनात येऊन गेलं.

ती सारखी कामात होती. काप टाकायची, काढायची, ह्यांच्या वाटीत घालायची, माझ्या वाटीत घालायची. कुठली चटणी कशाबरोबर ते सांगायची. बराच वेळ मला काही कळलं नाही. एकाच भांड्यातून सगळे खातात तिथे कुणी किती खाल्लं, कसं कळणार? कुणाचं ताट भरलेलं नाही की रिकामं नाही. पुढे ती स्वतःच म्हणाली की ते हॉटेल तिने त्यासाठीच निवडलं होतं.

मग माझ्यासाठी काहीतरी काढायला तिने वाफेतून हात पुढे केला आणि बाही मागे गेली. हातातलं कडं घसरत कोपरापाशी गेलं.

आई, तो हात मी ओळखला. उपाशी अंगावर येते ती बारीक मऊ लव ओळखली. आपल्या धाकट्या सोनीच्या हातावर होती ना तशी? तिच्या मनगटातला काळा दोरा तू पुन्हा पुन्हा घट्ट करून बांधायचीस आणि तो पुन्हा सैल व्हायचा. मी तेव्हा दहाएक वर्षांची असेन. तू कडूकंद खणायला रानात गेलीस की सोनी माझ्या मांडीवर असायची. तिला वजनच नव्हतं.

शेवटी शेवटी कुठून तरी तांदूळ आले आणि तू पेज केलीस, ते आठवतं तुला? सोनीने तोंड फिरवलं. तू बोट बुडवून तिच्या ओठांना लावत राहिलीस, ती तोंड फिरवत राहिली. मला तेव्हा तिचा राग आला होता. एवढी पेज केली आणि ही खात नाही!

सोनी गेल्यावर आपल्या वावर गावात गाड्या आल्या, चौकशीची माणसं आली, घरोघर विचारत फिरली. आपल्या दारात त्यांनी विचारलं, पोरगी उपाशी होती का? तू पदर ओढून म्हणालीस, "सकाळीच खाल्ला तिनी." मी मागे उभी होते. का म्हणालीस तसं? लाज वाटली? की पोटच्या पोरीला आपण खायला घालू शकलो नाही, हे परक्या माणसापुढे तोंडातून निघेना? पुढे मी कधी विषय काढला तर, "तिचा नाव नको काढू." एवढंच. एवढ्या वर्षांत एकदाही तू तिचं नाव घेतलं नाहीस, आणि मलाही घेऊ दिलं नाहीस. यासाठी मी तुझ्यावर रुसले आहे, आई. अजून.

मी रूपालीच्या वाटीकडे पाहिलं. नुसतं पाणी होतं, त्यात कोबीचं एक पान.

"तू काय खाल्लंस?"

"खातेय की. आणि हॉस्टेलवर खाऊन आले होते थोडं."

"जेवायला बोलावून खाऊन आलीस? हा एक काप माझ्यासमोर खा."

"अगं, खाल्लं असेल तिने," हे म्हणाले. "कशाला मागे लागतेस?"

तिने काप तोंडात घातला. चावत राहिली, चावत राहिली. मग उठून हात धुवायला गेली. मी मागोमाग गेले. ती बेसिनपाशी ओणवी होऊन रडत होती.

"घशाखाली जात नाही, आई. भीती वाटते."

"कशाची?"

"खायची."

मला समजेना. खायची भीती? न मिळण्याची भीती मला माहीत आहे. ती म्हणाली, आधी फक्त रात्रीचं जेवण सोडलं होतं. सगळे म्हणाले, किती छान दिसतेस. मग आणखी सोडलं. आता पुन्हा सुरू करायला जाते तर जमत नाही.

माझा तोल गेला. तू जे नाव काढू दिलं नाहीस, ते मी तिथे, त्या चकचकीत आरशासमोर काढलं. म्हणाले, "तुला एक मावशी होती. सोनी. ती खायला नाही म्हणून गेली. आणि तू भरल्या ताटल्या समोर घेऊन..."

रूपालीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "म्हणजे तिच्या वाटचं मी फेकतेय, असंच ना? मला रोज तसंच वाटतं, आई. मावशी माहीत नव्हती तरी वाटतं. पण वाटून घास उतरत नाही."

तिला जवळ घेतलं, तर पाठीचे मणके हाताला लागले. बाहेर आलो तेव्हा ताटल्या तशाच होत्या आणि ह्यांनी शेगडी बंद करायला सांगितली होती. त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. आपली शाल काढून रूपालीच्या खांद्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी तिथेच एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, हा हट्ट नाही, आजार आहे. बरा होतो, पण वेळ घेतो. बळजबरी करू नका, आणि जेवताना तिला एकटी सोडू नका. नोकरीवर जायला त्यांनी सध्या नको म्हटलं. आम्ही तिला घरी आणलं. दर आठवड्याला नाशिकला दाखवून आणतो.

परवा ती अर्धी वाटी वरणभात जेवली आणि ह्यांनी आनंदाने मला बाहेर बोलावून सांगितलं. काल पुन्हा घास हातात घेऊन बसून राहिली. मी समोर बसते. ओरडावंसं वाटतं, ओरडत नाही. तुझ्याकडे वाढायला काही नव्हतं, माझ्याकडे सगळं आहे, आणि तरी माझे हात तुझ्यासारखेच रिकामे का? तू त्या पेजेजवळ बसून होतीस तेव्हा मनात काय चालत होतं? रडलीसही नाहीस. की आम्ही झोपल्यावर रडायचीस?

आज सकाळी शेजारच्या काकू ओट्यावर आल्या. "पोर किती वाळली गं," म्हणाल्या. "शहरातलं पाणी मानवलं नाही वाटतं." हो म्हणून टाकणं किती सोपं होतं! जीभ तिथवर आलीही होती. मी म्हणाले, "नाही काकू. ती आजारी आहे. जेवणाचाच आजार आहे, औषध चालू आहे." दाराआड रूपाली उभी होती, तिने ऐकलं. दुपारी खोलीचं दार तिने रोजच्यासारखं लोटून घेतलं नाही.

आई, ती वाचेल, असं वचन मी तुला देऊ शकत नाही. तेवढं माझ्या हातात असतं तर ही वेळच आली नसती. पण एवढं सांगते, तिचा आजार मी झाकणार नाही आणि ती जेवली नाही म्हणून तिला अपराधी ठरवणार नाही. ती खाईल त्या दिवशी आणि खाणार नाही त्या दिवशीही, मी तिच्यासमोर ताट घेऊन बसेन आणि आपलं जेवेन. उठणार नाही.

तुझी,
सुमन