नारळापुढची जागा

कार्तिक वद्य ५, शके १८६०

आज पुन्हा तेच! सून गजरा सकाळी मागच्या पडवीत दूर बसलेली दिसली आणि घरावर सुतक आल्यासारखं झालं. कौसाबाईने, म्हणजे आमच्या मंडळींनी, पाण्याचा हंडा असा आदळला की गोठ्यातला बैल दचकून उठला. मुलगा भटू भाकरी अर्धी टाकून शेतात गेला. त्याच्या लग्नाला चार आखाज्या, म्हणजे चार अक्षय्यतृतीया, झाल्या. पाळणा नाही. यात गजराने हंड्याचं काय घोडं मारलं? पण विचारायची सोय नाही. मी विचारलं की मला उत्तर मिळतं— 'तुम्हले काय समजस बायकास्न!'

कार्तिक वद्य ९

गजराचं न्हाणं झालं. म्हणजे आजपासून पंधरा दिवस ती देवघरात, आमच्या कुलदेवी कानबाईच्या नारळापुढे, उघड्या भुईवर झोपणार. भटू शेतातल्या माळ्यावर. श्रावणात कानबाई बसली तेव्हा कौसाबाईने हा नवस बोलला— ओटी भरेपर्यंत दर महिन्याला असंच. भुईला ओल आली आहे. पोरगी सकाळी कमरेवर हात ठेवून उठते आणि तशीच दळायला बसते. मला बघवत नाही. पण देवीचं काम. बोलायची छाती होत नाही.

मार्गशीर्ष शुद्ध २

वाहरू आला होता. कौसाबाईचा भाऊ. मिशीला पीळ देत म्हणाला, 'दाजी, ब्राह्मणपुरीले एक पोर देखी ठेवेल शे. घर चांगलं. भटूनं दुसरं लगीन करी टाका.'

मी म्हटलं, 'आणि पहिली?'

'पहिली ऱ्हाई ना घरमा. नही त माहेर शे तिले.'

असं म्हणाला, जणू जुनी चप्पल कुठे ठेवायची ते सांगतोय! गजरा तेव्हा दारातच ताक घेऊन उभी होती. तिने ताक त्याच्यापुढे ठेवलं. मीठ घातलं नव्हतं. तो मुकाट्याने प्यायला. मला मनातल्या मनात बरं वाटलं.

मार्गशीर्ष शुद्ध ६

आज नंदुरबारला गाडी नेली, कापूस घालायला. गजराला बरोबर घेतलं. घरी सांगितलं की तिची दाढ दुखते. खरं म्हणजे मिशनच्या दवाखान्यात एक बाई डॉक्टर आली आहे, बायकांचं बघते, असं रनाळ्याच्या याहींनी, गजराच्या बापाने, मागे सुचवलं होतं. ते तेव्हापासून माझ्या डोक्यात किड्यासारखं वळवळत होतं.

मी बाहेर बाकावर बसलो. आत जायचं माझं काम नव्हे. तर नर्स आली— 'आजोबा, तुम्हाला बोलावलंय.' मेल्याहून मेल्यासारखं झालं! सुनेच्या असल्या गोष्टीत सासऱ्याने काय बोलायचं? आत जाऊन खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीकडे बघत बसलो. गजरा डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढून.

डॉक्टरीणबाई पुस्तकी मराठी बोलतात. म्हणाल्या, 'सुनेत मला काही दोष दिसत नाही. मुलाला का आणलं नाही?'

मी म्हटलं, 'तो धडधाकट आहे. कुस्ती खेळतो.'

'कुस्तीने मुलं होत नाहीत, आजोबा! वर्षभर एकत्र राहूनही दिवस गेले नाहीत तर दोघांनी यावं. तुम्ही चार वर्षं थांबलात आणि आणलं अर्धंच जोडपं. एका बैलावर औत चालतं का?'

मग विचारलं, भटूला मोठेपणी गालफुगी झाली होती का. झाली होती! लग्नाच्या आदल्या साली. तोंड भोपळ्यासारखं. गाव हसलं होतं. गालांबरोबर आणखीही कुठे सूज होती, चालता येत नव्हतं— हे मी सांगितलं पण मला राग आला. गाल कुठे, पाळणा कुठे! 'त्याचा इथं काय संबंध?' बाई म्हणाल्या, 'असू शकतो. म्हणून तर त्याला आणा.'

मग नर्सने गजराच्या कानाला लागून काही विचारलं, गजराने हळूच उत्तर दिलं, आणि नर्स नि डॉक्टरीणबाई एकमेकींकडे बघून कपाळाला हात लावून बसल्या. नवसाचं कळलं होतं. बाई म्हणाल्या, 'एका पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंत मधले जे दिवस, त्यातच मूल राहतं. नेमके तेच तुम्ही देवीला देऊन टाकलेत!'

गाडीत येताना मी विनाकारण बैलांवर ओरडत होतो. गजराच म्हणाली, 'आबा, दाढ बरी शे म्हणीसन सांगू ना घरी?'

मार्गशीर्ष शुद्ध ७

दोन्हीकडे तोंड घालून बघितलं. दोन्हीकडे भाजलं.

कौसाबाई म्हणते, 'ती ख्रिस्ताव बाई आम्हनी कानबाईले शिकाडी? नवस मोडी त घर बशी जाई!' भटूला विहिरीवर गाठून दवाखान्याचं सांगितलं. तो मोट सोडून माझ्याकडे असा बघायला लागला की मी चार पावलं मागे सरलो. 'मी काय बाजारना बैल शे का, दात दखाडाले? मन्हामा काय खोट शे?' आणि पुन्हा मोट हाकायला लागला. गालफुगीचं विचारायचं राहूनच गेलं. विचारलं असतं तर विहिरीत टाकलं असतं मला.

मार्गशीर्ष वद्य १

भगताकडे गेलो. म्हटलं, बाबा, मोडायचा नाही, पण या नवसाचं काही करता येईल का? त्याने विडी पेटवली. मग म्हणाला, 'घरमधला मोठा माणूस नवस पाठवर लेवू शकस. सुनना बदला तो भुईवर निजी.'

मला वाटलं, कौसाबाई घेईल. घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, 'मन्ही कंबर देखी का? ज्याले चिंता, त्यानी निजावं!'

झालं.

पौष शुद्ध ८

नवस माझ्या पाठीवर आहे आणि पाठ माझी राहिलेली नाही. थंडी हाडात शिरते. उंदीर कानाशी येऊन नारळाचा वास घेतो. गजराचं न्हाणं झालं की मी पांघरूण उचलून देवघरात जातो, त्यामुळे सुनेची पाळी कधी आली ते आता साऱ्या गल्लीला माझ्या पांघरुणावरून कळतं! शेजारचा लोटन दारावरून जाताना विचारतो, 'आबा, या महिनाले लवकर का?' निर्लज्ज!

कौसाबाईला तर ऊत आला आहे. काल चार बायकांसमोर म्हणाली, 'आते तुम्हलेच दिवस ऱ्हातीन!' बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. मीही हसलो असतो, पण पाठ दुखते.

पौष वद्य २

गजराने गुपचूप माझ्या अंगाखाली एक गोणपाट सरकवलं. मी म्हटलं, 'उघडी भुई बोललेली आहे.' ती म्हणाली, 'आबा, कानबाई काय खाले हात घालीसन देखस?' गोणपाट राहू दिलं. देवी, माफ कर.

भटू आता घरात निजतो. एवढं तरी झालं.

माघ शुद्ध ११

गजरा पुन्हा पडवीत. हंडा पुन्हा आदळला.

फाल्गुन वद्य ४

फाल्गुनातही पडवी चुकली नाही. काय मिळालं भुईवर निजून? सर्दी! डॉक्टरीणबाईंवर रागावू, भगतावर, का त्या नारळावर? आज वाहरू पुन्हा आला आणि सगळं ठरवून गेला. मला फक्त सांगितलं. आखाजीला गजराला रीतीप्रमाणे माहेरी धाडायचं, आणि परत बोलवायचंच नाही. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ब्राह्मणपुरीची माणसं साखरपुड्याला येणार. पोरी आखाजीला झोके खेळायला माहेरी जातात. ही झोक्यावर बसेल आणि इकडे तिची चूल दुसरीच्या हाती जाईल. हलकटपणा आहे हा! मी तसं म्हटलं. कौसाबाई म्हणाली, 'मग तुम्हीच द्या नातू.'

तिच्या डोळ्यात पाणी होतं, हेही लिहायला पाहिजे. तिलाही नातवाचं वेड आहे. पण म्हणून काय!

चैत्र शुद्ध ९

गजराला मी काही सांगितलं नाही. पण तिला ठाऊक आहे. कापडी पिशवी काढून तिने आपली लुगडी त्यात भरली. सगळी. झोके खेळायला कोण हिवाळ्याची घोंगडी नेतं?

भटू बाजेवर बसून ते बघत होता. मी म्हटलं, 'बघत काय बसलास? तोंड आहे ना तुला?' तो उठला. त्याने पिशवीतून घोंगडी काढून परत घडवंचीवर ठेवली. गजराने ती पुन्हा भरली. त्याने पुन्हा काढली.  मलाच तिथून उठावं लागलं.

चैत्र वद्य १४

गरमीत भुई तापलेली. गोणपाटाखालून मुंग्या. मी अजून इथेच निजतो— कशासाठी, माहीत नाही. सोडवत नाही, एवढंच.

वैशाख शुद्ध २

सकाळपासून भटू नाही, गाडी नाही, गजरा नाही! कौसाबाई ओरडते आहे, 'आखाजीना आदलेच दिन पळी गई! तिना भाऊ लेवाले येवाना आधीच!' वाहरू येऊन माझ्यावर तोंडसुख घेऊन गेला. मी काय केलं? मी तर झोपलो होतो, देवीपुढे, सगळ्यांच्या वाटणीचा! दिवस मावळला तरी पत्ता नाही. पोटात अन्न गेलं नाही. विहिरीत डोकावून आलो. दोनदा.

वैशाख शुद्ध ३, आखाजी

दिवस उगवताना गाडी दारात आली. दोघं नंदुरबारहून, रात्री रनाळ्याला थांबून. भटू थेट देवघरात आला आणि माझ्याशेजारी भुईवर बसला. 'आबा, उठा आते. बाईनी मन्हं बीज भिंगना काचमाईन देखं. खोट मन्हामा शे. त्या गालफुगीनी सगळं नेलं.' दारात कौसाबाई उभी होती. हातातला हंडा तिने हळूच खाली ठेवला. मी गोणपाटावरून उठलो. गजराने गोणपाट उचललं, अंगणात नेऊन झटकलं, आणि माहेरची पिशवी परत खुंटीला टांगली.