फोनला डोळा मारू काय?

धसई, गुरुवार, संध्याकाळ

डोकं नुसतं भणभणतंय. आज आमच्या अंगणवाडीत मुंबईची एक नटी येऊन गेली. म्हणाली, "तंत्रज्ञान माणसांसाठी हवं, त्याचे नियम करताना गावाला विचारा." खोटं काय त्यात? सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या.

मग तिच्या लोकांना व्हिडिओसाठी आमची एक बाई हवी होती. मी हौसाला पुढे केलं, कारण तिचंच अडलंय. बाळंतपणानंतर ती इतकी वाळलीय की सरकारी ॲपमधल्या जुन्या फोटोशी चेहरा जुळत नाही. आणि चेहरा जुळल्याशिवाय तिला पोषण आहाराचं पाकीट द्यायचं नाही, असा मला वरून हुकूम. समोर फोटो नाही, जिवंत माणूस आहे हे कळायला ॲप सांगतं, डोळे मिचकावा. पहिल्यांदा हौसा लाजून म्हणाली होती, "बाई, फोनला डोळा मारू काय? सासरा बसलाय ना समोर!"

आज ती हीच डोळे मिचकावायची गोष्ट कॅमेऱ्यासमोर सांगायला लागली, तर नटी "किती गोड!" म्हणत तिच्या गळ्यात पडली. कॅमेरावाला म्हणाला, "झालं, मस्त." काय झालं? पाकीट अडलंय, ही मूळ गोष्ट तर राहिलीच ना! आणि मीही पुन्हा टाळ्याच वाजवल्या. का?

गाडी गेल्यावर हौसाला पुन्हा फोनसमोर बसवलं. बिचारीने डोळे मिचकावून मिचकावून पाणी काढलं. चेहरा जुळत नाही.

आत्ता ती दारात येऊन गेली. तो मिठीचा व्हिडिओ पार मुरबाडपर्यंत पोचलाय म्हणे.

"बाई, सगळ्यांनी वळखलं मला. तुमच्या ॲपला तो व्हिडिओच दाखवू काय?"

ती थट्टा करत नव्हती.